घरचें वायफाय मळ्यापर्यंत कसें न्यावें?

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं प्रकाशतंतूचें इंटरनेट आलें आहे. गांवठाणांतील घरांत तें बरें चालतें. परंतु वस्ती, गोठा, विहीर व मळा हीं गांवठाणापासून दूर असतात आणि खरी गरज बहुधा तेथेंच असते. विहिरीवरील तांब्याची केबल रात्रींतून कापून नेली जाते. गाय व्यावयास झाली असतां रात्रीं दोनदोनदां उठून गोठ्यापर्यंत जावें लागतें. आणि जुन्नर, शिरूर, संगमनेर या बाजूस उसाच्या कडेनें रात्रीचें जाणें म्हणजे बिबट्याशीं गांठ पडण्याचा संभव. अशा ठिकाणीं एक कॅमेरा बसवून घरीं बसल्या पाहतां आलें तर ती कांहीं चैन नव्हे. परंतु या कामीं बाजारांत जाऊन "लांब पल्ल्याचा बूस्टर द्या" असें सांगणारा मनुष्य बहुधा फसतो. यास्तव हीं साधनें कशीं चालतात व कोणतें कोठें घ्यावें, हें आम्ही येथें थोडें विस्तारानें सांगतों.

प्रथम शब्दाचा घोंटाळा दूर केला पाहिजे. बूस्टर या एका नांवाखालीं तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, मोबाइलची रेंज वाढविणारी पेटी. ही खासगी मनुष्यानें परवानगीवांचून बसविणें बेकायदेशीर आहे, असें केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्यानें २०२२ सालीं लोकांस जाहीरपणें बजाविलें आहे. कारण एकाची पेटी टॉवरच्या कामांत बिघाड करून सगळ्या गांवाची रेंज घालविते. कोणी दुकानदार ती देऊं करील तर घेऊं नये. दुसरी वस्तू म्हणजे भिंतींतील प्लगांत खोंवावयाचा लहानसा रिपीटर. तो घरांतल्या घरांत, माजघरापासून पडवीपर्यंत, उपयोगी आहे; पण तो एकाच रेडिओनें ऐकतो व त्याच रेडिओनें पुन्हां बोलतो, म्हणून वेग सुमारें निम्मा होतो आणि पल्ला कांहीं मैलभर जात नाहीं. तिसरी वस्तू दिशादर्शक अँटेनाची जोडी. आपल्या कामाची हीच, व पुढील लेख मुख्यत्वें तिच्याविषयीं आहे.

"लांब पल्ल्याचा वायफाय बूस्टर" हा शब्द मुळांत अमेरिकेंतील फिरत्या घरांच्या बाजारांतून आलेल्या जाहिरातींत फार दिसतो. तेथें पुष्कळ कुटुंबें झोंपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली मोठी मोटार घेऊन रानावनांत मुक्काम करितात. मुक्कामाच्या जागेचें वायफाय कचेरीच्या इमारतींत असतें, गाडी दोनतीनशें फूट दूर उभी राहते, आणि गाडीचा पत्रा लाटा आंत येऊं देत नाहीं. म्हणून गाडीच्या टपावर अँटेना बसवितात. ती कचेरीचें वायफाय पकडते व आंत दुसरा राऊटर तेंच पुन्हां वांटतो. हें यंत्र त्यांच्या कामास योग्यच आहे. रोज नव्या गांवीं, नव्या दिशेस, दुसऱ्याच्या राऊटरशीं बोलावयाचें, आणि समोरच्या टोंकास हात लावण्याची मुभा नाहीं, अशी त्यांची अडचण. आपली गोष्ट याच्या उलट. आपला मळा रोज जागा बदलत नाहीं, व दोन्ही टोंकें आपल्याच मालकीचीं आहेत. तेव्हां परदेशांत असलेल्या चिरंजीवांनीं असें यंत्र पाठवूं म्हटलें तर त्यांचे आभार मानावे आणि तोच पैसा येथील जोडींत घालावा. त्या मुक्कामवाल्यांचा एक अनुभव मात्र आपणांसहि लागू आहे: कचेरीचें मूळ इंटरनेटच मंद असेल तर टपावर केवढीहि अँटेना लावली तरी कांहीं उपयोग होत नाहीं. पाटालाच पाणी नसेल तर दांड रुंद करून काय होणार? म्हणून आधीं घरच्या राऊटरपाशीं उभें राहून वेग तपासावा. तेथें समाधान नसेल तर पुढचा खर्च करूं नये.

आतां पुष्कळांचा असा समज असतो कीं, घरच्या राऊटरास मोठी अँटेना बसविली म्हणजे काम झालें. पाटलाच्या ओट्यावरून दवंडी दिली तर ती शिवारांत ऐकूं जाते, हें खरें; पण शिवारांतील माणसानें हळू आवाजांत दिलेलें उत्तर ओट्यावर ऐकूं येत नाहीं. वायफायचें संभाषण दोन्हीकडून चालावें लागतें; प्रत्येक निरोपाची पोंच परत यावी लागते. हातांतील फोनची किंवा कॅमेऱ्याची शक्ति अल्प असते. म्हणून मोठा आवाज एकाच टोंकास असून भागत नाहीं. दोन्ही टोंकांस सारख्याच अँटेना लागतात, व त्या एकमेकींकडे तोंड करून असाव्या लागतात. घरच्या अँटेनाची तार घरच्या राऊटरास, मळ्यावरील अँटेनाची तार तेथील कॅमेऱ्यास किंवा लहान राऊटरास. या मांडणीस ब्रिज, म्हणजे पूल, म्हणतात.

असा पूल जमेल कीं नाहीं याचा हिशेब खरेदीपूर्वींच करतां येतो, आणि ज्यांनीं किर्द-खतावणी पाहिली आहे त्यांस तो जड जाणार नाहीं. या शास्त्रांत डेसिबेल नांवाचें माप आहे. तीन डेसिबेल वाढले म्हणजे शक्ति दुप्पट, दहा वाढले म्हणजे दसपट. गुणाकाराऐवजीं बेरीज-वजाबाकीनें काम भागतें, ही त्यांतील सोय. समजा, यंत्राची मूळ शक्ति २० आहे, व दोन्हीकडच्या अँटेनांचा लाभ प्रत्येकीं १३ आहे. जमा झाली ४६. पांच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत मोकळ्या हवेंत एक किलोमीटर जातांना सुमारें १०८ खर्च होतात. शिल्लक उणे ६२. ही बाकी उणेंत असते याचें आश्चर्य मानूं नये. शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली. उणे ६५ पर्यंत काम उत्तम चालतें, उणे ७५ च्या पुढें रडूं लागतें. म्हणजे वरील जोडी एक किलोमीटरास पुरेशी आहे. अंतर दुप्पट झालें कीं खर्चांत सहांचीच भर पडते. तेव्हां दोन किलोमीटरांस बाकी उणे ६८, म्हणजे अजून चालण्यासारखी. मोकळ्या हवेंत वायफाय किती दूर जाऊं शकतें याचें उदाहरण द्यावयाचें तर, २००७ सालीं व्हेनेझुएला देशांत एर्मान्नो पिएत्रोसेमोली या अध्यापकांनीं दोन डोंगरांच्या माथ्यांवर अँटेना लावून ३८२ किलोमीटरांवर तें पोंचविलें. आपल्याकडेहि मुंबईच्या आय. आय. टी.नें 'ग्राममार्ग' या प्रकल्पांत पालघर जिल्ह्यांतील कांहीं गांवें बिनतारी पद्धतीनें जोडून दाखविलीं आहेत.

पण डोंगराचा माथा निराळा आणि उसाचा फड निराळा. पेटीवर छापलेले "पांच किलोमीटर", "दहा किलोमीटर" हे आंकडे मोकळ्या हवेचे असतात, शेताचे नव्हत. झाडाचें पान म्हणजे पाणीच. आणि तें लाटा पिऊन टाकतें. एक दाट आंब्याचें झाड मध्यें आलें तरी वरील हिशेबांतील शिल्लक बुडूं शकते. शिवाय नुसती दृष्टीची रेघ मोकळी असून पुरत नाहीं. लाट दोरीसारखी बारीक जात नाहीं. ती मध्यें फुगते, लांबट काकडीप्रमाणें. एक किलोमीटराच्या मध्यावर पांच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत या फुगवट्याची त्रिज्या सुमारें १२ फूट असते, व २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत सुमारें १८ फूट. यापैकीं निदान सहा दशांश भाग मोकळा पाहिजे, म्हणजे रेघेखालीं अनुक्रमें सात व अकरा फूट.

आतां आडसाली ऊस १२ फूट वाढला असें धरूं. पांचच्या पट्ट्यास रेघ मध्यावर जमिनीपासून १९ फूट, आणि २.४ च्या पट्ट्यास २३ फूट उंच हवी. जमीन सपाट असेल तर दोन्ही टोंकांस तितक्या उंचीचे खांब आले. लागणीच्या वेळीं, म्हणजे जुलै-ऑगस्टांत, जमीन उघडी असतां बसविलेली जोडी उत्तम चालते आणि पुढच्या पावसाळ्यांत एकाएकीं बंद पडते. मग यंत्रास दोष दिला जातो, किंवा "पावसानें रेंज जाते" असें म्हटलें जातें. वस्तुतः या पट्ट्यांवर पावसाच्या थेंबांचा परिणाम नगण्य आहे. परिणाम करतात तीं ओलीं पानें. यासाठीं आजच्या पिकावरून नव्हे, तर त्या रानांत येणाऱ्या सर्वांत उंच पिकावरून खांबाची उंची ठरवावी. शेजाऱ्याचें रान मध्यें असेल तर त्यानें पुढें केळी लावली किंवा बांधावर निलगिरी लावली तर काय, हेंहि मनांत आणावें. त्याच्या झाडांवर आपला हक्क चालत नाहीं.

पट्टा निवडण्याचा प्रश्न वरील हिशेबांतच बहुतेक सुटला. २.४ चा पट्टा पानांतून थोडा अधिक निभावतो. परंतु गांवांत घरोघरचे राऊटर त्याच पट्ट्यांत बोलत असल्यामुळें तेथें बाजारासारखा गलबला असतो. रेघ मोकळी मिळत असेल तर पांचचा पट्टा घ्यावा. कायद्याची अडचण नाहीं: २.४ चा पट्टा २००५ सालापासून व पांचचा २०१८ सालापासून विनापरवाना खुला आहे. मर्यादा मात्र आहे, २.४ च्या पट्ट्यांत यंत्राची शक्ति एक वॅट व अँटेनासह चार वॅट यांच्या पलीकडे जातां कामा नये. आमच्या उदाहरणांतील जोडी दोन वॅटांच्या आसपास राहते. टीपी-लिंक, युबिक्विटी, मायक्रोटिक वगैरे कारखान्यांची अशीं यंत्रें येथें मिळतात. मात्र दोन्ही टोंकें एकाच कारखान्याचीं व एकाच नमुन्याचीं घ्यावीं, म्हणजे जुळणीचा वाद राहत नाहीं.

अंतर मोजण्यास आपल्या घरीं साधन आहेच. गटाचा नकाशा काढून त्यावरील प्रमाणानें घर ते विहीर सरळ रेघ मोजावी. पायवाटेचें अंतर मोजूं नये, लाट बांधावरून वळसा घालीत नाहीं. ही रेघ १०० मीटरांच्या आंत, म्हणजे ३३ फुटी साखळीनें दहा साखळ्यांच्या आंत भरली, तर बिनतारी साधन घेऊंच नये. बाहेरच्या उपयोगाची जाड नेटवर्क केबल नळींतून पुरून न्यावी. तिचा पल्ला तेवढाच असतो, पण ती फार कमी त्रास देते. त्याहून दूर असेल तर मध्यान्हीं घराच्या गच्चीवर चढून विहिरीवर आरसा धरण्यास माणूस उभा करावा. आरशाची तिरीप दिसली तर निदान दृष्टीची रेघ आहे.

विजेचा प्रश्न आम्हांस सर्वांत नाजूक वाटतो. मळ्यावर शेतीची वीज पाळीनें येते; कॅमेरा तर चोवीस तास जागा पाहिजे. अँटेना व एक कॅमेरा मिळून सुमारें १० वॅट धरले तर दिवसास २४० वॅट-तास लागतात. शंभर वॅटचें सौर पान उघडिपीच्या दिवशीं याहून बरेंच अधिक देतें, परंतु आषाढांत तें भरंवशाचें नाहीं. १२ व्होल्टची ७५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरावयाची असें धरल्यास पावणेदोन दिवस चालते. ज्यांच्याकडे झड आठआठ दिवस राहते त्यांनीं पान व बॅटरी दोन्ही दुप्पट घ्यावीं. पुष्कळ ठिकाणीं अँटेनापेक्षां यासच अधिक पैसा लागतो, हें खरेदीला निघण्यापूर्वीं ध्यानांत असावें.

उंच लोखंडी खांब म्हणजे विजेस आमंत्रण. खांबास वेगळें अर्थिंग द्यावें, तारेवर वीजरोधक बसवावा, व वादळ घोंगावूं लागलें कीं घरच्या बाजूची तार काढून ठेवावी. तार यंत्रांत शिरण्यापूर्वीं तिला खालीं एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथून ठिबकून जाईल. पत्र्याच्या शेडच्या आंत अँटेना कदापि लावूं नये. सांकेतिक शब्द कारखान्याचाच न ठेवतां बदलावा. एवढें सांगणें पुरे.

हा सर्व खटाटोप कोणी करूं नये हेंहि सांगितलें पाहिजे. ज्यांस केवळ मोटार चालू-बंद करावयाची आहे त्यांस सिमकार्डावर चालणारा मोबाइल स्टार्टर पुरतो. त्यास वायफाय लागत नाहीं. विहिरीवर मोबाइलची रेंज चांगली असेल तर सिमकार्डाचा कॅमेरा घ्यावा. दरमहा कांहीं खर्च येईल, पण खांब वांचेल. रेंज नसलेल्या खोलगट रानांतच पुलाची खरी आवश्यकता आहे, आणि तेथेंच नेमकी दृष्टीची रेघ मिळणें कठीण जातें. अशा वेळीं टेकाडावर मध्यें एक तिसरा खांब घालून दोन पूल करतां येतात. खर्च दुप्पट होतो व टेकाडावरहि सौर पान लागतें. टेकाड गायरानांत येत असेल तर ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घेतल्यावांचून तेथें खड्डा खणूं नये.

जोडी घेतांना दुकानदाराकडून परत करण्याची मुदत लिहून घ्यावी. यंत्रें आणल्यावर पक्का खांब उभारण्यापूर्वीं लांब बांबूस बांधून दोन्ही टोंकांस धरावीं, व यंत्राच्या पानावर दिसणारी बाकी आपल्या हिशेबाशीं ताडून पाहावी. चारपांचचा फरक चालेल. वीसचा फरक दिसला तर मध्यें कांहींतरी आडवें आहे, किंवा तोंड चुकलें आहे. बोटबोटभर फिरवून पुन्हां पाहावें, आणि मगच गवंड्यास बोलवावें.