बीजमाता राहीबाई आणि आमच्या आजीचा वाल

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे मंडळाच्या चिटणिसांनी मला सुचविले, तेव्हा जिजाबाई आणि अहिल्याबाई यांची नावे त्यांनी आपण होऊनच पुढे केली होती. त्या दोघींच्या पुण्याईविषयी दुमत नाही. परंतु त्यांजवर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि माझे मराठी हे बर्नाबीच्या एका घरात, शाळेचा अभ्यास संपल्यावर, आईच्या ओट्याशेजारी बसून शिकलेले. तेव्हा ओट्याशेजारचाच विषय मी घेतला आहे. तो म्हणजे वाल.

महाराष्ट्राच्या अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीच्या अहमदनगरात) अकोले नावाचा तालुका आहे. कळसूबाईचे शिखर ह्याच डोंगराळ मुलुखात येते. तेथील कोंभाळणे ह्या गावी राहीबाई सोमा पोपेरे यांचे घर आहे. त्यांचा जन्म १९६४ सालचा, महादेव कोळी समाजातला. शाळेचा उंबरठा त्यांनी कधी ओलांडला नाही. घरची जमीन सात एकर. पण पिकायची ती पावसाच्या भरवशावर. भात निघाला की शेतीचे काम संपे, आणि उरलेले महिने सारे कुटुंब अकोले येथील साखर कारखान्याच्या मजुरीला जाई.

हे शेवटचे वाक्य वाचताना मी थबकलो. आपणांपैकी कोणाचे पूर्वज मॉरिशसच्या मळ्यांत राबले, कोणाचे फिजीच्या, कोणाचे नाताळच्या वा गयानाच्या. पण बहुतेकांच्या हातांत दिला गेला तो उसाचाच कोयता. १८३४ पासून पुढे एकट्या मॉरिशसच्या बंदरात जवळजवळ पाच लाख माणसे करारावर उतरली. फिजीत १८७९ ते १९१६ ह्या काळात साठ हजारांहून अधिक. ती माणसे समुद्र ओलांडून गेली, राहीबाईंचे कुटुंब तालुक्याच्या गावापर्यंत गेले. अंतर निराळे, करार निराळा, परंतु घरच्या शेतात पोट भरत नाही म्हणून दुसऱ्याच्या उसापाशी जायचे, ही गोष्ट एकच. फरक असा की राहीबाईंना परत येता आले, आणि परत आल्यावर त्यांनी जे केले ते मला सांगावयाचे आहे.

दोन एकर पडीक जमीन त्यांनी लागवडीस आणली. पावसाचे पाणी अडविण्यासाठी तळी खोदली, भाजीपाला लावला, चारसूत्री पद्धतीने भाताचे उत्पन्न सुमारे ३० टक्क्यांनी वाढविले. एवढे कष्ट पुष्कळ शेतकरणी करतात. राहीबाईंचे लक्ष मात्र बियाण्याकडे गेले. विकत आणलेल्या संकरित बियाण्याचे पीक पहिल्या वर्षी भरघोस येते; पण त्यातलेच दाणे राखून पुढल्या वर्षी पेरावे तर तो गुण टिकत नाही, रोपे नाना तऱ्हांची निघतात. म्हणजे दर साली दुकान आलेच, आणि दुकानापाठोपाठ खत व औषधेही आली. अशी औषधे मारलेल्या भाजीपाल्याने आपला नातू आजारी पडला आणि तेव्हापासून आपण गावठी बियाणे जमवू लागलो, असे त्या सांगत आल्या आहेत. जुने ते सोने, हे वडिलांचे बोलणे त्यांच्या मनात होतेच. रानोमाळ हिंडून, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून त्यांनी भात, नागली, वरई आणि पालेभाज्या यांची वाणे मिळविली. वालाच्या जाती तर इतक्या, की वाल म्हणजे एकच वस्तू असे समजणाऱ्या माझ्यासारख्याने लाजावे. बी राखायचे ते जुन्याच रीतीने: मातीची मडकी, राख, कडुलिंबाचा पाला. पुढे बायफ ह्या संस्थेचे साहाय्य मिळून घरातल्या साठ्याची रीतसर बियाणे बँक झाली. परिसरातील लोकांची बियाणे संवर्धन समिती उभी राहिली, बायकांचा बचत गट चालू झाला. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना बीजमाता म्हटले. २०१८ साली बीबीसीने जगातील शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घातले, त्याच वर्षीचा नारीशक्ती पुरस्कार त्यांना मिळाला आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

पुरस्कारांची ही यादी मी भराभर उरकली, कारण मला मोलाची वाटते ती त्या बँकेची एक अट. राहीबाई बियाणे देतात ते उसने. ज्याने न्यावे, त्याने पीक निघाल्यावर दुप्पट आणून द्यावे. सावकाराच्या घरी दुपटीची वसुली कुळाला बुडवीत असे. इथे तोच हिशेब दोन्ही घरे तारतो, आणि तिसऱ्या घरालाही बियाणे मिळते. शिवाय एका घरी कीड लागली, पावसात मडके भिजले, तरी वाण बुडत नाही. ते दहा घरी पेरलेले असते.

आता आमच्या आजीविषयी. ती मॉरिशसच्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातली. तिच्या आजेसासऱ्याने मळेवाल्याकडून विकत घेतलेला दीड एकराचा तुकडा ती वैधव्यानंतर एकटीने कसत होती. मधल्या जागेत ऊस, कडेने भाजी आणि कुंपणावर वाल. लिहिणे-वाचणे तिला येत नव्हते. परंतु बैठकीत मुलांचा संध्याकाळचा मराठीचा वर्ग बंद पडू लागला, तेव्हा मास्तरांच्या जेवणाचा भार तिने आपल्या चुलीवर घेतला. कोणाच्या घरी बाळंतपण असो, कोणाचा पाय कोयत्याने कापलेला असो, आजीचे टोपले तेथे पोचलेले असे. ऊसतोडीला सावड धरावी तशी तिने माणसे धरून ठेवली होती. मी तिला चारदाच भेटलो. चारही वेळा निघताना तिने माझ्या खिशात वालाचे दाणे घातले, आणि चारही वेळा मी ते विमानतळावर टाकून दिले. वय लहान होते, ही सबब पहिल्या तीन वेळांना लागू पडते.

२००८ साली आजी गेली. दिवसकार्य आटोपून आई परतली ती वालाने भरलेला एक डबा घेऊन. २०११ च्या उन्हाळ्यात मी त्यातले दाणे सरी येथील परसात लावले. वेल असा माजला की शेजारच्या पंजाबी आजी कौतुकाने पाहावयास आल्या. जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला. फुलाचे नाव नाही. सप्टेंबरच्या अखेरीस कोठे कळ्या दिसू लागल्या, आणि पुढे गारठ्याने वेल काळा पडला. दोष वेलाचा नव्हता. वालाच्या पुष्कळ जुन्या जाती दिवस लहान झाल्यावाचून फुलत नाहीत. मॉरिशसमध्ये वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपासचा. आपल्या व्हँकुव्हरला जूनमध्ये सोळा तासांवर उजेड असतो. त्या बिचाऱ्याने फुलावे केव्हा? हे मला, विज्ञान शिकविणाऱ्या मास्तरला, तेव्हा सुचले नाही. उरलेले दाणे मी डब्यात बंद केले आणि डबा आजीच्या तसबिरीजवळ ठेवला. दर दिवाळीला त्यावरची धूळ पुसली जाई.

राहीबाईंच्या पद्मश्रीची बातमी वाचली, तेव्हा तो डबा आठवला. २०२० च्या वसंतात, शाळा बंद असताना, मी सगळे दाणे ओल्या फडक्यात घातले. एकही रुजला नाही. घरगुती डब्यातला वाल चारपाच वर्षे तग धरतो; मी त्याची बारा वर्षे पूजा केली होती.

आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मॉरिशसला मामेबहिणीला फोन लावला. आमच्या घरच्या जमिनीवर तोपर्यंत बंगले उठले होते. परंतु मावशी म्हणाली, "अगं, मोडावर ते तेलुगू घर आहे ना, त्यांच्या कुंपणाला बघ. तुझ्या सासूनंच दिलेला. दर साली शेंगा पाठवतात आणि वर म्हणतात, तुमचं उसनं अजून फिटलं नाही."

२०२२ साली आम्ही तेथे गेलो. त्या घरच्या वृद्ध सूनबाईंनी आजीची आठवण तेलुगू वळणाच्या क्रिओलमध्ये सांगितली, ती सगळी मला कळली नाही, आईला कळली. आवश्यक ते कागद करून आम्ही ४३ दाणे घेऊन आलो.

ह्या खेपेस मी घाई केली नाही. एप्रिलात घरातच कुंड्यांतून रोपे केली, ती मे अखेरीस बाहेर काढली, आणि जूनच्या मध्यापासून रोज संध्याकाळी सहाला प्रत्येक कुंडीवर फ्रिजचे मोठे खोके पालथे घातले, ते सकाळी आठला काढले. म्हणजे वेलाच्या हिशेबी दिवस दहा तासांचा. वेल वाढू लागल्यावर शेंडे खुडून तो खोक्याएवढाच ठेवावा लागला. खोके घालण्याचे काम माझ्या धाकट्या मुलीने पत्करले, एकदाच विसरली. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जांभळी फुले आली. आईने त्या दिवशी दुपारचा चहा परसातच घेतला.

सप्टेंबरात वाळलेल्या शेंगा सोलल्या तेव्हा दोनशे बारा दाणे भरले. त्यांतले पन्नास मॉरिशसला मावशीकडे जावेत, असा आईचा आग्रह होता. तेथे ते मोडावरच्या घरी पोचले. बाकीचे दोन उन्हाळे पेरून वाढविले. यंदा स्मरणिकेच्या टेबलावर दहा दहा दाण्यांच्या पुड्या ठेवल्या आहेत. एका कुटुंबाने एकच घ्यावी. खोक्याची युक्ती पुडीवर लिहिली आहे. पुढल्या वर्षी ह्याच टेबलावर वीस दाणे आणून द्यावयाचे आहेत. नावे आई वहीत लिहून घेत आहे, आणि तिची वही मोठी कडक असते.