जुना राजा गेला कुठं?

फळ्यावर कालरेषा काढली : देवगडचे गोंड राजे, मग नागपूरकर भोसले. एका मुलीनं विचारलं, "सर, मग जुना राजा मेला का?"

आपला भंडारा तेव्हा देवगडच्या राज्यात होता. १७३९ मध्ये चांद सुलतान वारला आणि वलीशहानं गादी बळकावली. राणीनं वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलावलं. त्यांनी वलीशहाला हटवून राणीच्या मुलांना गादी दिली. पुढं ती मुलंच भांडली. (भाऊबंदकी म्हटलं की मुलांना लगेच समजतं!) १७४३ मध्ये रघूजी पुन्हा आले, ते कायमचेच. अकबरशहाला राज्य सोडावं लागलं.

बुऱ्हाणशहा मात्र नागपुरातच राहिला. 'राजा' हा किताब आणि तनखा त्याच्याकडं. फौज, वसुली, कारभार भोसल्यांकडं. रघूजी स्वतः साताऱ्याच्या छत्रपतींचे सेनासाहेबसुभा. राजेपण गोंडांच्या नावावर ठेवून सत्ता चालवणं त्यांना सोयीचंच होतं.

म्हणून आता मी गोंडांची रेघ १७४३ ला तोडत नाही, बारीक करून पुढं नेतो. तिसरे रघूजी १८५३ मध्ये औरस वारस नसताना वारले, इंग्रजांनी राज्य खालसा केलं. तिथून भोसल्यांची रेघही बारीक होते.