दिल्लीतील पहिला दिवस : पाचशे रुपयांची शिदोरी

राजधानी पाहायची तर खिसा जड हवा, असा सार्वत्रिक समज आहे. डिसेंबरमध्ये मिरजेहून गोवा एक्सप्रेसने दिल्लीला निघालेल्या एका तरुण शिक्षकाचाही तोच समज होता. पहिल्या दिवसासाठी त्याने मोजून पाचशे रुपये बाजूला काढले होते. पिशवीत आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती.

निजामुद्दीनला उतरून त्याने मेट्रो धरली. लाजपत नगरला गाडी बदलून तो ‘लाल किला’ स्थानकाबाहेर आला आणि किल्ल्यासमोरच श्री दिगंबर जैन लाल मंदिराच्या शिखरांचे दर्शन घडले. चामड्याचा पट्टा बाहेर ठेवून तो आत गेला. या मंदिराचा उगम शाहजहानच्या काळातील. मोगल सैन्याच्या छावणीशी असलेल्या संबंधामुळे ते ‘लष्करी मंदिर’ म्हणूनही ओळखले जाई. त्या काळी जैन मंदिरावर शिखर बांधण्याची मुभा नव्हती. ती पुढे मिळवली राजा हरसुखराय यांनी. चांदणी चौकामागच्या धरमपुऱ्यातील त्यांचे ‘नया मंदिर’ १८०७ चे. दुपारी अरुंद गल्ल्या पायी तुडवत त्याने तेही पाहिले.

परतताना तो गुरुद्वारा सीसगंजपाशी थांबला. १६७५ मध्ये गुरू तेग बहादूर यांनी याच जागी बलिदान दिले. दुसऱ्यांच्या धर्मस्वातंत्र्यासाठी प्राण देणे, हे अभयदानाचेच एक रूप नव्हे काय?

सायंकाळच्या भोजनासाठी त्याने दीडशे रुपये राखून ठेवले होते. सूर्यास्तापूर्वी जेवायचे, हा घरचा नियम. तत्पूर्वी लाल मंदिराच्या आवारातील पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय पाहावे, म्हणून तो जिना चढला. १९२९ मध्ये सुरू झालेले हे रुग्णालय १९५७ पासून येथे आहे. उपचारांचे शुल्क नाही. सारा कारभार दानावर चालतो. ऑगस्टमध्ये पतंगांच्या मांज्याने कापलेले पक्षी मोठ्या संख्येने येतात. घारीसारख्या मांसाहारी पक्ष्यांवरही उपचार होतात, मात्र त्यांना आत ठेवून घेत नाहीत. करुणा सर्वांसाठी असली, तरी शेजारच्या दुबळ्या रुग्णाच्या जिवाचा विचार करावाच लागतो.

तेवढ्यात एक हमाल मळक्या गमछात गुंडाळलेले कबूतर घेऊन आला. पंख रक्ताळलेला होता. माल वाहायचा सोडून तो आला होता. त्याची मजुरी बुडत होती. उपचार होईपर्यंत तो हलला नाही, आणि शिक्षकही हलला नाही. बरे झालेले पक्षी मालकाला परत न देता आकाशात सोडतात, हे कळल्यावर हमाल समाधानाने हसला आणि निघून गेला.

शिक्षकाने बाहेर पाहिले, तो सूर्य मावळला होता. हिवाळ्यात दिल्लीत सांगली-मिरजेपेक्षा अर्धा तास आधीच दिवस मावळतो, हे त्याच्या ध्यानातच राहिले नव्हते. आता भोजन दुसऱ्या दिवशीच.

दीडशे रुपये मुठीत होते. उद्याच्या खर्चाचा हिशेब क्षणभर मनात आला. मग दिवसभराची मजुरी बुडवून गेलेला हमाल आठवला. त्याने ते पैसे दानपेटीत टाकले आणि उपाशीपोटी, पण प्रसन्न मनाने धर्मशाळेची वाट धरली.