२० एमबीची फाइल, २५ एमबीची मर्यादा. तरी मेल परत का येतो?

कोटेशनची मुदत सायंकाळी ५ची. ४.४० ला मेल ‘सेंट’मध्ये दिसतो, ऑफिस निश्चिंत. मग ‘मेलर-डेमन’चा मेल येतो आणि स्पॅम समजून कुणी उघडतही नाही. घोळ इथेच होतो.

ई-मेल यंत्रणा मुळात साध्या मजकुरासाठी बनली. त्यामुळे जोडलेली फाइल आधी अक्षरांत बदलली जाते. दर ३ बाइटची ४ अक्षरे. म्हणजे २० एमबीची फाइल वाटेत सुमारे २७ एमबी! समोरच्या सर्व्हरची मर्यादा २५ असेल, तर मेल परत.

त्या मेलमधला कोड वाचा. ४ने सुरू होणारी अडचण तात्पुरती. सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. ५ने सुरू झाला, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. ५५२ म्हणजे बहुतेकदा फाइल मोठी किंवा मेलबॉक्स भरलेला. अशा वेळी ड्राइव्हची लिंक पाठवा; ती समोरच्याला उघडते ना, हे फोन करून विचारा.