विश्लेषण : बर्फाचा उतार सुरक्षित आहे का, हे कसे ओळखतात?

काश्मीरमधील गुलमर्गजवळ अफरवात शिखराच्या उतारावर १ फेब्रुवारी २०२३ रोजी हिमस्खलन होऊन पोलंडच्या दोन स्कीपटूंचा मृत्यू झाला. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी गुलमर्गमध्येच एका रशियन स्कीपटूचा बळी गेला. आखलेल्या मार्गाबाहेर स्की करताना धोक्याचा अंदाज कसा घेतात?

हिमस्खलन का होते?

बर्फ थराथरांनी साचतो. कडाक्याच्या थंडीत जुन्या बर्फात साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात आणि त्यावर नव्या बर्फाची घट्ट लादी बसते. माणसाच्या वजनाने खालचा कच्चा थर मोडला की वरची लादी घसरते. जीवघेणे हिमस्खलन बहुतेक वेळा बळी पडलेल्या व्यक्तीमुळे किंवा तिच्या साथीदारामुळेच सुरू होते.

निघण्यापूर्वी काय पाहावे?

‘डीआरडीओ’ची चंडीगड येथील ‘डीजीआरई’ ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. नुकताच झालेला जोरदार हिमवर्षाव, वारा आणि अचानक वाढलेले तापमान ही धोक्याची प्रमुख कारणे. वारा एका बाजूचा बर्फ उचलून कड्याच्या आडोशाच्या बाजूला साठवतो. त्यामुळे हिमवर्षाव थांबल्यानंतरचा निरभ्र, मोहात पाडणारा दिवसच अनेकदा सर्वाधिक घातक ठरतो.

उतार किती असावा?

लादी घसरण्याचे बहुतेक प्रकार ३० ते ४५ अंशांच्या उतारावर घडतात. हा कोन मोबाइलमधील अ‍ॅपनेही मोजता येतो. मात्र, पायाखालचा उतार सौम्य असला तरी डोक्यावर तीव्र उतार असेल, तर धोका कायम राहतो. खाली नाला किंवा घळ असल्यास बर्फ तिथे खोल साचतो आणि अडकलेल्याला शोधणे कठीण होते.

बर्फ स्वतः इशारा देतो का?

हो. आसपास ताजे हिमस्खलन झालेले दिसणे, पाऊल टाकताच ‘धप्प’ असा आवाज येऊन बर्फ खचणे, स्कीपासून पुढे भेगा पळत जाणे, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी तीव्र उतार टाळावा. जाणकार खड्डा खणून थर तपासतात. बर्फाचा खांब कापून त्यावर हाताने थापट्या मारतात आणि तो कधी मोडतो ते पाहतात. पण ही चाचणी त्या एकाच जागेबद्दल सांगते. थोड्या अंतरावर बर्फ वेगळा असू शकतो. खांब सहज मोडला तर परतावे. मोडला नाही, तर तेवढ्यावरून उतार सुरक्षित ठरत नाही.

तरीही अपघात झाला तर?

गाडला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या १० ते १५ मिनिटांनंतर झपाट्याने घटते. बाहेरची मदत इतक्या लवकर क्वचितच पोहोचते. म्हणून प्रत्येकाकडे संदेश देणारे-घेणारे शोधयंत्र, बर्फात खुपसून पाहण्याची लांब काठी आणि फावडे असावे. ते वापरण्याचा सरावही हवा. संशयास्पद उतार एकेकाने ओलांडावा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून लक्ष ठेवावे. गटातील कोणीही ‘परत फिरू’ म्हटले, तर वाद न घालता परत फिरावे.