सोळा हजारांचं पान, तीन हजारांचा मजकूर

फेब्रुवारी २०२६ मध्ये क्लाउडफ्लेअर या कंपनीनं स्वतःच्याच एका लेखाचं माप काढून दाखवलं. ब्राउझरला मिळतो तसा, म्हणजे एचटीएमएलसकट, तो लेख एआय मॉडेलला वाचायला दिला तर १६,१८० टोकन लागतात. तोच मार्कडाउन या साध्या मजकुराच्या स्वरूपात दिला तर ३,१५०. ऐंशी टक्के ओझं गेलं आणि मजकूर जागेवरच राहिला.

मॉडेल मजकुराचे जे बारीक तुकडे पाडतं, त्यातला प्रत्येक तुकडा म्हणजे टोकन. कधी तो अख्खा शब्द असतो, कधी अर्धामुर्धा. आपल्या वतीनं कामं करणाऱ्या एआय एजंटची स्मरणाची मर्यादाही टोकनांत मोजतात आणि बिलही टोकनांवरच येतं.

मग ते तेरा हजार टोकन जातात कुठं? पानावरचं एक शीर्षक घ्या, ‘आमच्याविषयी’. मार्कडाउनमध्ये दोन हॅश आणि पुढं शीर्षक, संपलं. एचटीएमएलमध्ये आधी कोनी कंस उघडतो, मग शीर्षकाची पातळी, सजावटीसाठी क्लासचं नाव, अवतरणचिन्हं, आयडी, पुन्हा अवतरणचिन्हं, कंस बंद, मग कुठं ते शीर्षक आणि शेवटी आणखी एक खूण. अशा इंग्रजी शीर्षकाला मार्कडाउनमध्ये जिथं तीन टोकन पुरतात, तिथं एचटीएमएलमध्ये बारा ते पंधरा लागतात, असा क्लाउडफ्लेअरचाच हिशेब आहे. मेनू, कुकीची परवानगी मागणारी पट्टी, शेअरची बटणं, जाहिरातींच्या चौकटी हे सगळं वेगळंच. आपली नजर या पसाऱ्यावरून सहज सरकते. मॉडेलला मात्र हाती आलेलं प्रत्येक टोकन घ्यावंच लागतं.

खरी गंमत पुढं आहे. २०१७ साली आलेल्या ट्रान्सफॉर्मर रचनेवर चालणाऱ्या अशा मॉडेलांत प्रत्येक टोकन आपल्या आधीच्या प्रत्येक टोकनाशी ताडून पाहिलं जातं. त्यामुळं टोकन पाचपट झाले की तुलना पाचपट होत नाहीत, पंचवीसपट होतात. १६,१८० टोकनांच्या अशा जोड्या भरतात सुमारे १३ कोटी ९ लाख. ३,१५० टोकनांच्या भरतात साधारण ४९ लाख ६० हजार. एखाद्या माणसानं न थांबता, न झोपता सेकंदाला एक जोडी तपासली तर पहिल्या कामाला चार वर्षांहून जास्त काळ लागेल. दुसरं काम सत्तावन्न दिवसांत उरकेल.

आणि हा झाला फक्त एका फेरीचा हिशेब. २०२० सालच्या जीपीटी-३ मध्ये ९६ थर होते आणि प्रत्येक थरात ही ताडणी करणारे ९६ विभाग, म्हणजे ९,२१६ फेऱ्या. तेवढेच थर आणि विभाग असलेल्या मॉडेलनं प्रत्येक फेरीत सगळ्या जोड्या ताडायच्या म्हटलं, तर आपल्या माणसाला एचटीएमएलच्या पानासाठी ३८ हजार वर्षं हवीत. मार्कडाउनसाठी साधारण साडेचौदाशे. यंत्र हे डोळ्याचं पातं लवेपर्यंत करतं, पण वीज जळायची ती जळतेच.

एजंट तर एका पानावर थांबतही नाही. नागपूरहून पणजीला जायची सोय बघायला सांगितली की तो दहा पानं उघडतो, आणि दर पावलाला आधीचं सगळं वाचन पुन्हा मॉडेलसमोर ठेवलं जातं. दहा पानांअखेर १६,१८० चा आकडा पंचावन्न वेळा मोजला जातो, म्हणजे ८ लाख ८९ हजार ९०० टोकन. स्वच्छ पानं असती तर १ लाख ७३ हजार २५०. आधीचं वाचन साठवून ठेवायच्या युक्त्या आहेत, त्यानं खर्च उतरतो, पण जागा अडते ती अडतेच. दोन लाख टोकनांच्या मर्यादेत पहिल्या प्रकारची बाराच पानं मावतात, दुसऱ्या प्रकारची त्रेसष्ट.

उपाय इतका साधा आहे की हळहळ वाटते. पान मागताना ‘मला अमुक स्वरूपात द्या’ असं सर्व्हरला सांगायची सोय एचटीटीपीत नव्वदच्या दशकापासून आहे. मार्कडाउन २००४ साली जॉन ग्रुबर यांनी ॲरन स्वार्ट्झ यांच्या मदतीनं आणलं आणि २०१६ साली या स्वरूपाला इंटरनेटवर रीतसर नावही मिळालं. एजंटनं विनंतीत ‘टेक्स्ट/मार्कडाउन’ एवढं लिहायचं आणि सर्व्हरनं तसं पान द्यायचं. क्लाउडफ्लेअरनं नेमकं हेच केलं. २०२४ साली जेरेमी हॉवर्ड यांनी सुचवलेली एलएलएम्स डॉट टीएक्सटी ही मॉडेलांसाठी संकेतस्थळावर ठेवायची फाइलही याच वाटेवरची.

मराठी संकेतस्थळांनी तर यात सगळ्यांच्या पुढं असायला हवं, कारण आपली भाषा मॉडेलला मुळातच महाग पडते. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आलं तेव्हा ओपनएआयनं वेगवेगळ्या भाषांमधल्या एकाच मजकुराचे आकडे दिले. तुकडे पाडायच्या जुन्या पद्धतीत इंग्रजीला २७ टोकन लागत होते, मराठीला ९६. म्हणजे साडेतीनपट टोकन आणि जोड्यांच्या हिशेबात बारापट कष्ट. नव्या पद्धतीत इंग्रजी २४ वर आली, मराठी ३३ वर. सुधारणा मोठी आहे, तरी जोड्या अजून जवळजवळ दुप्पट आहेत. अशा भाषेच्या पानावर मजकुराचा भार आधीच जास्त; त्यावर मेनू आणि बटणांचा पसारा लादणं म्हणजे आपल्याच मजकुराची जागा आपण खाणं.

आणखी एक अडचण खास आपली. युनिकोड रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये रचलेल्या जुन्या पानांवर आणि पीडीएफमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्यातून मजकूर उपसला तर मार्कडाउन कितीही नेटकं असलं तरी हाती गचाळ अक्षरांचा ढीग येतो. तिथं आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग बाकीचं.

आजच्या बातम्या आणि लेखांना तेवढीही खटपट नको. संपादक मजकूर टाइप करतो तेव्हा तो स्वच्छच असतो: शीर्षक, परिच्छेद, फार तर एखादा तक्ता. सगळा पसारा त्याच्याभोवती नंतर गुंडाळला जातो. गुंडाळण्याआधीची ती प्रत संकेतस्थळाच्या डेटाबेसमध्ये पडूनच असते. मागणाऱ्याला ती द्यायची, एवढंच काम उरतं.