उणे १८३ अंशांवरचा सांधा

सरकारी रुग्णालयांच्या आवारात आता एक उभी, पांढरी, दंडगोलाकार टाकी दिसते. भोवती जाळीचे कुंपण आणि शेजारी ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा एक पिंजरा असतो. भर उन्हातही या नळ्यांवर पांढराशुभ्र बर्फ साचलेला असतो. रुग्णांचे नातेवाईक पुष्कळदा तिला पाण्याची टाकी समजतात. प्रत्यक्षात तिच्यात द्रवरूप ऑक्सिजन असतो, उणे १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड.

एक लिटर द्रव ऑक्सिजनाचा नेहमीच्या तापमानाला सुमारे ८५० लिटर वायू होतो. म्हणजे दहा हजार लिटरच्या एका टाकीत सुमारे ८५ लाख लिटर वायू मावतो. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये तो सुमारे ७ हजार लिटरच असतो. एका टाकीच्या जागी बाराशे सिलिंडर आणावे, चढवावे, उतरवावे लागले असते. मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन लागणारे शंभर रुग्ण वॉर्डात असतील, तर ही टाकी जवळपास सहा दिवस पुरते.

महाड-पोलादपूरसारख्या भागात या सहा दिवसांना वेगळाच अर्थ आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर डोंगर कोसळला. ८० हून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी महाड शहर पुराच्या पाण्यात होते, पोलादपूर तालुक्यातही दरडी पडल्या होत्या. रस्ते बंद झाल्याने बचाव पथकांनाही तळीयेपर्यंत पोहोचायला फार वेळ लागला. जिथे मदतीची माणसेच पोहोचत नाहीत, तिथे ऑक्सिजनचा टँकर कसा पोहोचणार? डोंगरी तालुक्यात रुग्णालयाच्या आवारात असलेला साठा हाच काय तो हाताशी असलेला श्वास.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये हा प्रश्न साऱ्या देशाला पडला होता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रायगडमधल्याच कळंबोलीहून १९ एप्रिल २०२१ रोजी सात रिकामे टँकर घेऊन पहिली ‘ऑक्सिजन एक्स्प्रेस’ विशाखापट्टणमला निघाली. घाट, बोगदे आणि पुलांखालची उंची यांचा विचार करून तिला वसईमार्गे लांबच्या वाटेने नेले. पेण तालुक्यातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्यातूनही द्रव ऑक्सिजन रुग्णालयांकडे गेला. टँकर असो की टाकी, आतले भांडे धातूचे पत्रे वेल्डिंगने जोडूनच बनते. ते सांधे त्या भयंकर थंडीत टिकले, तरच पुढचे सगळे.

ताकद वेगळी, चिवटपणा वेगळा

थंडीने लोखंडाला काय होते, हे समजायला चिक्कीचे उदाहरण पुरेसे आहे. गुळाचा पाक गरम असताना ओढला की लांबतो. तोच पाक थंड झाला की कडक होतो, आणि वाकवायला गेले की कट्‌कन तुटतो. साधे पोलाद, कामगारांच्या भाषेतले ‘एमएस’, काहीसे असेच वागते. नेहमीच्या तापमानाला ते आधी वाकते, ताणले जाते, मग तुटते. फार थंड झाले की त्याची ताकद उलट वाढलेली दिसते, पण चिवटपणा संपतो. एखादी बारीक चीर मिळाली की ते काचेसारखे फुटते.

ताकद आणि चिवटपणा यांतला फरक डॉक्टरांना हाडांवरून चांगला ठाऊक असतो. हाडाचा कडकपणा कॅल्शियमच्या क्षारांमुळे येतो आणि चिवटपणा कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांमुळे. लहान मुलाचे हाड ओल्या फांदीसारखे वाकते, पुष्कळदा पुरते मोडत नाही. काही मुलांमध्ये जन्मतः कोलॅजेनमध्ये दोष असतो. त्यांची हाडे नुसत्या उचलण्यानेही मोडतात. कॅल्शियम आहे, पण धागा नाही. थंड पोलादाचे तसेच होते.

याचे कारण अणूंच्या मांडणीत आहे. साध्या पोलादात अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध असे बसतात. या मांडणीत थरावर थर सरकायला अणूंच्या थरथरीची, म्हणजे उष्णतेची मदत लागते. थंडीत ती मिळत नाही. निकेल, ॲल्युमिनियम आणि नेहमीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये अणू कोपऱ्यांवर आणि घनाच्या सहाही बाजूंच्या मध्यावर असतात. तिथे थर कडाक्याच्या थंडीतही सरकू शकतात. म्हणून ऑक्सिजनच्या टाकीचे आतले भांडे स्टेनलेस स्टीलचे असते. बाहेरचे कवच साध्या पोलादाचे असते आणि दोहोंमध्ये निर्वात पोकळी ठेवून, बहुधा परलाइटची भुकटी भरून, थंडी आतच राखली जाते. आतला द्रव त्या बाहेरच्या कवचावर सांडला, तर कवचाला तडा जाऊ शकतो.

हे ज्ञान फार महागात मिळाले आहे. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेत पोर्टलंडच्या गोदीत ‘स्केनेक्टडी’ हे कोरे करकरीत तेलवाहू जहाज शांत पाण्यात उभ्या उभ्या मधोमध फाटले. युद्धकाळात घाईने वेल्ड केलेल्या इतर जहाजांनाही तडे जात होते. दोष वेल्डरांच्या माथी आला. केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले, की मुख्य दोष पोलादाचा होता, ठरावीक तापमानाखाली ते ठिसूळ होत होते. वेल्डिंगने एवढेच झाले, की रिव्हेटच्या जोडाशी थांबू शकणारी चीर एका पत्र्यातून दुसऱ्यात विनाअडथळा धावली. पुढच्याच वर्षी, २० ऑक्टोबर १९४४ रोजी, क्लीव्हलंड शहरात द्रवरूप नैसर्गिक वायूची टाकी फुटली आणि आगीत सुमारे १३० माणसे मेली. त्या टाकीच्या पोलादात निकेल साडेतीन टक्के होते. उणे १६२ अंशांना ते पुरेसे नव्हते.

टाक्याची जागा

पत्रा उत्तम निवडला तरी काम संपत नाही. वेल्डिंगमध्ये धातू वितळतो आणि काही सेकंदांत पुन्हा गोठतो. कारखान्यात लाटून, तापवून, काळजीने घडवलेल्या पत्र्याच्या शेजारी घाईने गोठलेल्या धातूची एक रेघ तयार होते. तिच्या दोन्ही बाजूंचा पट्टा वितळत नाही, पण उष्णतेने बदलतो. शस्त्रक्रियेनंतर सर्जनची नजर जशी टाक्यांवर आणि त्यांच्या कडेच्या त्वचेवर असते, तशीच अभियंत्याची नजर या पट्ट्यावर असते.

म्हणून जोडायला वापरायचा रॉड, म्हणजे भरणीचा धातू, पत्र्यापेक्षा वेगळ्या मिश्रणाचा ठेवावा लागतो. स्टेनलेस स्टीलच्या सांध्यात एक ओढाताण असते. सांधा गोठताना तडकू नये म्हणून त्यात साध्या पोलादासारख्या मांडणीचा थोडा अंश, म्हणजे फेराइट, असलेला बरा. पण तोच अंश थंडीत ठिसूळ होतो. तो कमी झाला तर गरम असताना चीर पडते, जास्त झाला तर थंडीत. त्यामुळे अति थंड टाक्यांच्या रॉडमध्ये तो मोजून, मोजकाच ठेवतात. गंधक आणि फॉस्फरस कमीत कमी असावे लागतात. वितळलेल्या धातूत ऑक्सिजन शिरला की ऑक्साइडचे सूक्ष्म कण अडकतात आणि चीर तिथून सुरू होते. ऑक्सिजनच्या टाकीच्या सांध्याला ऑक्सिजनच नकोसा असतो! म्हणून हे काम पुष्कळदा आर्गन वायूच्या आवरणाखाली करतात. कारखान्यात त्याला ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात.

दाभोळच्या टर्मिनलसारख्या ठिकाणी द्रवरूप नैसर्गिक वायूच्या अवाढव्य टाक्या लागतात. अशा टाक्यांच्या आतल्या भांड्यासाठी जगभर ९ टक्के निकेलचे पोलाद वापरले जाते. ते जोडायला निकेलच मुख्य असलेला, मॉलिब्डेनम, क्रोमियम, निओबियम किंवा टंगस्टन घातलेला रॉड लागतो. हे मोठे अणू थरांच्या सरकण्याला थोडा अडसर घालतात. त्याने ताकद वाढते आणि चिवटपणाही राहतो. तरीही सांध्याची ताकद पत्र्यापेक्षा बहुधा कमीच भरते, आणि भिंत किती जाड हवी हे त्या सांध्याकडे पाहून ठरवावे लागते. ताकदही वाढवायची आणि चिवटपणाही सोडायचा नाही, याच कोड्यावर आजचे संशोधन चालले आहे.

शिवाय निकेल महाग आहे आणि भारताला ते जवळजवळ सगळे आयात करावे लागते. म्हणून निकेलऐवजी २० टक्क्यांहून अधिक मँगनीज घातलेले पोलाद आणि तसेच रॉड पुढे येत आहेत. मँगनीजही अणूंची तीच उपयोगी मांडणी टिकवते. दक्षिण कोरियात असे पोलाद तयार झाले आहे. मँगनीज तर आपल्या नागपूर-भंडाऱ्याच्या खाणींत आहे, त्यामुळे महाराष्ट्राला या संशोधनात रस असायला हवा.

सांधा जमला की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. त्याचा १० मिलिमीटर रुंद, तेवढाच जाड आणि ५५ मिलिमीटर लांब तुकडा कापतात, त्याला २ मिलिमीटरची खाच पाडतात, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात आणि लंबकाच्या हातोड्याने तोडतात. तुटताना त्याने किती ऊर्जा शोषली आणि कडेला तो किती फुगला, हे मोजतात. न फुगता तुटला, तर तो ठिसूळ.

टाकी चांगली असली तरी तिच्या जोडण्यांची देखभाल सुटता कामा नये. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीपाशी गळती झाली, पांढरे ढग पसरले, वॉर्डातला दाब घसरला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. ऑक्सिजन आवारातच होता, रुग्णापर्यंत पोहोचला नाही.

सांधा जोडणाऱ्याचा श्वास

या साऱ्या कथेत एक माणूस मागे राहतो, तो म्हणजे वेल्डर. महाडच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि नळ्या जोडणारे, दुरुस्त करणारे हात पंचक्रोशीतल्या गावांतूनच येतात. ज्या धातूंमुळे सांधा चिवट होतो, तेच धातू धुरातून त्यांच्या छातीत जातात. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगच्या धुरात निकेल आणि सहा संयुजेचे क्रोमियम असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. मँगनीज लोखंडापेक्षा कमी तापमानाला उकळते, त्यामुळे ते धुरात अधिक प्रमाणात उतरते. मँगनीजमुळे चालणे अडखळते, बोलणे मंदावते, चेहऱ्यावरचे भाव जातात, हे स्कॉटलंडच्या कूपर यांनी १८३७ मध्येच नोंदवले आहे. लक्षणे कंपवातासारखी दिसतात. तेव्हा उद्या मँगनीजचे रॉड आले तर स्वस्त म्हणून आनंद मानताना धूर ओढून घेणारा पंखाही सोबत यायला हवा.

धुराचे कण मायक्रॉनहून बारीक असतात. तोंडावर बांधलेला रुमाल ते अडवत नाही. गूळ खाल्ल्याने किंवा दूध प्यायल्याने ते छातीतून निघून जात नाहीत. धूर नाकाशी येण्याआधीच ओढून घेणे हा पहिला उपाय आणि योग्य मास्क हा दुसरा. काच न लावता काम केले की सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, पाणी वाहते. बटाट्याची चकती ठेवून वेळ काढण्यापेक्षा डोळे तपासून घ्यावेत. दुकानातून बधिर करणारे थेंब आणून वारंवार घालणे तर बुबुळालाच इजा करते.

सगळ्यात घातक धोका मात्र दिसत नाही आणि त्याला वासही नाही. बंद टाकीत आर्गन साचला की तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो आणि तिथला ऑक्सिजन हुसकावतो. आत उतरलेला कामगार दोन-चार श्वासांत कोसळू शकतो. त्याला काढायला धावलेला दुसराही तिथेच पडतो, जसे जुन्या विहिरीत आणि शौचालयाच्या टाकीत घडते. इथे साधा मास्क काही कामाचा नाही. उतरण्याआधी ऑक्सिजन मोजणे, आत ताजी हवा खेळती ठेवणे, कमरेला दोर आणि बाहेर लक्ष ठेवणारा माणूस, एवढे हवेच. हवा खेळवण्यासाठी शुद्ध ऑक्सिजन सोडायचा नाही, एका ठिणगीने कपडे पेट घेतात.

डोंगराखालच्या गावांना ऑक्सिजनचा भक्कम साठा हवा, त्यात दुमत नाही. तो मागताना टाकीच्या कागदपत्रांत थंडीतल्या चाचणीचा दाखला आहे का, जोडण्या शेवटच्या कधी तपासल्या, हे रुग्णालयांनी विचारावे. आणि खोकला, दम किंवा हातापायांचा थरथराट घेऊन येणाऱ्याला डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा: काम काय करता? उत्तर ‘वेल्डिंग’ असे आले, तर पुढचा प्रश्न रॉड कोणता वापरता आणि धूर कुठून बाहेर जातो, हा असावा.